औषधांची विषबाधा: केसपेपर, कोडिंग आणि एमएलसी, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विषबाधेची फाइल आली की नवा कोडर, म्हणजे फाइलीतल्या निदानाला ठरलेल्या यादीतला कोड लावणारा, आधी औषधाचं नाव शोधायला लागतो. आधी शोधायची ओळ वेगळी असते: हे औषध पोटात गेलं कसं? ती ओळ कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरने रात्री अडीच वाजता घाईत लिहिलेली असते, नाहीतर लिहायची राहून गेलेली असते. कोड, एमएलसी (पोलिसांना कळवावी लागणारी मेडिको-लीगल केस), विम्याचा दावा, मृत्यूची आकडेवारी, सगळं पुढे तिच्यावरच उभं राहतं. एमआरडीत, म्हणजे हॉस्पिटलच्या नोंद विभागात, काम करणारे, अमेरिकन हॉस्पिटलांचं कोडिंग करणारी मुलं-मुली आणि इंटर्न डॉक्टर जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात ते इथे एकत्र केले आहेत. कोड देवनागरीत लिहिले आहेत; सॉफ्टवेअरमध्ये अर्थातच रोमन अक्षरं टाकायची.

एकाच विषबाधेला दोन कोड कशाला?

एक कोड काय झालं ते सांगतो, दुसरा कसं झालं ते. भारतातल्या हॉस्पिटलांत जागतिक आरोग्य संघटनेची आयसीडी-१०, म्हणजे आजारांच्या कोडांची यादी, चालते. तिच्यात औषधांच्या विषबाधेचे कोड टी३६ ते टी५०. औषध म्हणून न वापरल्या जाणाऱ्या पदार्थांचे, म्हणजे कीटकनाशकं, रॉकेल, मिथेनॉल वगैरेंचे, टी५१ ते टी६५. पॅरासिटामॉल टी३९.१, बेन्झोडायझेपिन गटातल्या झोपेच्या गोळ्या टी४२.४, इन्सुलिन आणि मधुमेहाच्या गोळ्या टी३८.३. पण यातून हेतूचा पत्ता लागत नाही. त्यासाठी विसाव्या प्रकरणातला कोड जोडायचा: अपघाताने असेल तर एक्स४० ते एक्स४९, स्वतःहून घेतलं असेल तर एक्स६० ते एक्स६९, दुसऱ्याने घातलं असेल तर एक्स८५ पासून पुढे, आणि ठरवताच आलं नाही तर वाय१० ते वाय१९.

नुसता टी कोड टाकून फाइल बंद करण्याची सवय बऱ्याच ठिकाणी आहे. घरातल्या दोन वर्षांच्या पोराने आजीच्या गोळ्या गिळल्या आणि कॉलेजच्या मुलीने त्याच गोळ्या स्वतःहून घेतल्या, या दोन फाइली मग आकडेवारीत एकसारख्या दिसतात. पहिल्या घरी औषधाचा डबा वर ठेवायला सांगायचं असतं, दुसऱ्या घरी मानसोपचार हवा असतो.

अमेरिकन चार्टमध्ये एक्स४० वगैरे दिसत नाहीत. का?

तिथे १ ऑक्टोबर २०१५ पासून आयसीडी-१०-सीएम ही त्यांची स्वतःची आवृत्ती वापरतात आणि हेतू टी कोडच्या पोटातच असतो. बहुतेक कोडांत सहाव्या जागी १ म्हणजे अपघात, २ म्हणजे हेतुपुरस्सर स्वतःला इजा, ३ म्हणजे दुसऱ्याने केलेला हल्ला, ४ म्हणजे हेतू ठरवता न येणं, ५ म्हणजे दुष्परिणाम, ६ म्हणजे सांगितल्यापेक्षा कमी औषध घेणं. सातव्या जागी ए (सक्रिय उपचार), डी (नंतरची देखभाल) किंवा एस (मागे राहिलेले परिणाम). पॅरासिटामॉल चुकून जास्त गेलं आणि उपचार चालू आहेत, तर टी३९.१एक्स१ए. मधला एक्स नुसती जागा भरतो.

सातव्या जागेचा ए म्हणजे पहिली भेट नव्हे. सक्रिय उपचार चालू आहेत तोवर ए, मग दुसऱ्या हॉस्पिटलात हलवलं तरीही. ट्रेनिंगमध्ये हे चार वेळा सांगतात आणि ऑडिटमध्ये चूक पुन्हा हीच निघते.

शिवाय अमेरिकेत दर ऑक्टोबरला यादी बदलते. फेन्टॅनिलला टी४०.४१ आणि ट्रॅमाडॉलला टी४०.४२ असे वेगळे कोड ऑक्टोबर २०२० पासून मिळाले. त्याआधी दोन्ही एकाच टी४०.४ मध्ये होते. दिवसा भारतीय फाइली आणि रात्री अमेरिकन चार्ट करणाऱ्यांनी दोन पुस्तकांची सरमिसळ होऊ देऊ नये, एवढंच.

दुष्परिणाम आणि विषबाधा यांत फरक कसा करायचा?

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून जरा सविस्तर.

योग्य औषध, योग्य माणसाला, योग्य मात्रेत, योग्य मार्गाने दिलं आणि तरी त्रास झाला, तर तो दुष्परिणाम. यातली एक जरी गोष्ट चुकली, तरी विषबाधा. चूक रुग्णाची की नर्सची की लिहून देणाऱ्या डॉक्टरची, याने वर्ग बदलत नाही. रुग्ण किती गंभीर आहे यानेही बदलत नाही. लोक गफलत करतात ती इथे: नाडी फार मंदावली, आयसीयूत ठेवावं लागलं, म्हणजे विषबाधाच असणार, असं धरून चालतात.

डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध घेणारे एक आजोबा समजा. डॉक्टरांनी सांगितलेलीच मात्रा ते नियमाने घेत आहेत, पण मूत्रपिंड मंदावल्यामुळे औषध अंगात साचलं, मळमळ सुरू झाली, नाडी चाळीसवर आली. हा दुष्परिणाम. अमेरिकन पद्धतीत आधी लक्षणाचा कोड, आर००.१ (मंद नाडी), आणि मागून टी४६.०एक्स५ए. आपल्याकडे लक्षणाच्या कोडला वाय५२.० जोडायचा. आता तेच आजोबा सकाळची गोळी घेतल्याचं विसरले आणि दुपारी पुन्हा घेतली, तर ती अपघाती विषबाधा. अमेरिकन चार्टमध्ये क्रम उलटा होतो: आधी टी४६.०एक्स१ए, मग आर००.१. भारतीय फाइलीत टी४६.० आणि सोबत एक्स४४, कारण हृदयाची औषधं तिथे येतात.

म्हणून "डिगॉक्सिन टॉक्सिसिटी" एवढंच लिहिलेली फाइल कोडरसाठी अर्धवट आहे. टॉक्सिसिटी दोन्ही वाटांनी होते. मात्रा बरोबर होती की नाही, हे एक वाक्य डॉक्टरकडून मिळवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

रुग्णाने मेडिकलमधून स्वतः गोळी आणून घेतली, आणि डॉक्टरांच्या औषधाशी तिचं पटलं नाही. हा दुष्परिणामच ना?

नाही, अमेरिकन नियमांत ही विषबाधा. डॉक्टरांचं औषध अगदी नीट घेतलं, पण सोबत स्वतःच्या मनाने आणलेलं दुसरं औषध घेतलं आणि दोघांच्या संयोगाने त्रास झाला, तर विषबाधेचा कोड लागतो. औषधासोबत दारू घेतली तरी तेच. रक्त पातळ करणाऱ्या गोळीवर असलेल्या काकूंनी गुडघ्यासाठी काउंटरवरून दुखणं थांबवणारी गोळी आणली आणि पोटात रक्तस्राव झाला, ही नेहमीची गोष्ट आहे. केसपेपरात मात्र "रक्तस्राव, गोळ्या चालू" एवढंच असतं. कुणाच्या सांगण्यावरून कुठली गोळी, ते विचारून लिहायला हवं. काढे आणि चूर्णंही विचारावीत. लोक त्यांना औषध समजत नाहीत, त्यामुळे आपणहून सांगत नाहीत.

हेतू कुठेच लिहिलेला नसेल तर "ठरवता आला नाही" असा कोड टाकू का?

नको. हेतूची नोंदच नसेल तर कोड अपघाताचा जातो. "ठरवता आला नाही" हा कोड, म्हणजे आपल्याकडचे वाय१० ते वाय१९ आणि तिकडचं सहाव्या जागेचं ४, डॉक्टरांनी किंवा तपास करणाऱ्यांनी प्रयत्न करूनही ठरवता आलं नाही, तेव्हासाठीच आहे. तसं कागदावर लिहिलेलंही असायला हवं. कोडरला माहीत नाही आणि कुणालाच ठरवता आलं नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

याचा उलटा परिणाम लक्षात घ्या. डॉक्टरने हेतू लिहायचं टाळलं की ती केस आपोआप अपघातात जाते. न लिहिणं म्हणजे तटस्थ राहणं, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात न लिहिणं हीसुद्धा एक बाजू घेणंच आहे.

आणखी एक. "मरायचं नव्हतं, फक्त घाबरवायचं होतं" असं रुग्ण सांगतो, तेव्हा इंटर्न गोंधळतात. एक्स६० ते एक्स८४ या गटात जाणूनबुजून स्वतःला केलेली इजा येते. मरण्याची इच्छा होती की नव्हती, हे सिद्ध करायची गरज नाही. जाणूनबुजून घेतलं, एवढं पुरे.

नातेवाईक म्हणतात, "साहेब, चुकून घेतलं असं लिहा." काय करायचं?

महाराष्ट्रातल्या कुठल्याही कॅज्युअल्टीत हे वाक्य रोज ऐकू येतं. कारणं समजण्यासारखी असतात: मुलीचं लग्न ठरलंय, गावात चर्चा होईल, पोलीस येतील, मेडिक्लेम नाकारतील.

पोलिसांची भीती बरीचशी जुन्या कायद्यातून आली आहे. भारतीय दंड संहितेच्या ३०९ कलमाने आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरत होता. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या ११५ व्या कलमाने असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ३०९ सारखं सरसकट कलम उरलंच नाही. सरकारी अधिकाऱ्यावर दबाव आणण्यासाठी केलेल्या प्रयत्नाचं कलम तेवढं वेगळं आहे. एमएलसी मात्र अपघाती विषबाधेचीही होते आणि हेतुपुरस्सरचीही. त्यामुळे "चुकून" लिहिल्याने पोलीस चौकीला कळवणं टळत नाही. हे नातेवाइकांना शांतपणे सांगितलं की निम्मा वाद तिथेच मिटतो.

लिहिताना सोपा उपाय म्हणजे कोण काय म्हणालं ते त्याच्याच शब्दांत, नावानिशी आणि वेळेसह लिहायचं. भाऊ "चुकून घेतलं" म्हणतो, तर भावाचं म्हणणं म्हणून लिहा. रुग्ण शुद्धीवर आल्यावर वेगळं सांगतो, तर तेही लिहा. पहिली नोंद खोडायची नाही. शेवटी स्वतःचं मत एका ओळीत. रुग्णाशी बोलताना नातेवाइकांना बाहेर थांबायला सांगा. सासूसमोर सून काय सांगणार? मानसोपचार विभागाकडे पाठवल्याची नोंद आणि डिस्चार्ज कार्डावर टेली-मानसचा १४४१६ हा नंबर, हेही त्याच कागदांचा भाग आहेत.

चांगली नोंद दिसते कशी?

दोन नमुने शेजारी ठेवतो. दोन्ही बनवलेले आहेत, पण पहिल्यासारखे कागद कुठल्याही एमआरडीच्या रॅकवर हवे तेवढे मिळतील.

"अलेज्ड हिस्ट्री ऑफ कन्झम्प्शन ऑफ सम टॅब्लेट्स ॲट होम. पेशंट ड्राउझी. स्टमक वॉश दिला. एमएलसी केली. फिजिशियनना कळवलं."

आणि दुसरा: "माहिती देणारी रुग्णाची बहीण, एकाच घरात राहते. सायंकाळी सातच्या सुमारास रुग्णाने स्वतःच्या फिटच्या गोळ्या जास्त घेतल्या असं सांगते. रिकामी पट्टी सोबत आणली, पाहिली: फेनिटॉइन १०० मिलिग्रॅम. दारू किंवा इतर औषध घेतल्याचं बहीण नाकारते. रात्री साडेनऊला रुग्ण शुद्धीवर, एकटीशी बोललो, म्हणाली, 'भांडण झालं, रागात मुद्दाम घेतल्या.' निदान: फेनिटॉइनची हेतुपुरस्सर विषबाधा. रक्तातली पातळी पाठवली. मानसोपचार विभागाला कळवलं."

दुसऱ्या कागदावरून टी४२.० आणि एक्स६१ हे कोड एका मिनिटात लागतात, ठिकाण घर म्हणून चौथा अंक शून्य, म्हणजे एक्स६१.०. पहिल्या कागदावरून टी५०.९ आणि एक्स४४ एवढंच हाती लागतं. मुलगी तीच, रात्र तीच.

ब्रँडच्या नावाबद्दलही सांगायला हवं. आपल्याकडे एकाच ब्रँडच्या नावापुढे एखादं अक्षर किंवा शब्द जोडून वेगळ्या घटकांची गोळी विकतात. नुसतं ब्रँडनाव ऐकून घटक गृहीत धरू नका. पट्टीची मागची बाजू वाचून घटक लिहा.

"अननोन कंपाउंड पॉयझनिंग" लिहिलं असेल तर?

औषध होतं एवढं तरी कळतंय का? मग टी५०.९. तेही माहीत नसेल, तर टी६५.९. पण असा कोड टाकण्याआधी फाइल शेवटपर्यंत चाळा. दाखल होताना "अननोन" असतं, तिसऱ्या दिवशी नर्सिंग नोट्समध्ये "मुलाने बाटली आणून दाखवली" असं असतं, आणि डिस्चार्ज कार्डावर पुन्हा "अननोन"च छापलं जातं. नर्सिंग नोट वाचून निदान बदलायचा अधिकार कोडरला नाही, पण डॉक्टरला विचारायचा नक्की आहे.

युरिन रिपोर्ट पॉझिटिव्ह आहे. त्यावरून कोड लावता येईल?

नाही. लघवीत एखाद्या औषधाचा अंश सापडला म्हणजे आजची बेशुद्धी त्यानेच आली असं होत नाही. कदाचित ते औषध नेहमीच्या उपचारातलं असेल. तसंच उताऱ्याचं, म्हणजे विषावरच्या औषधाचं: नॅलोक्झोन दिलं म्हणून अफूजन्य औषधाची विषबाधा, ॲट्रोपिन दिलं म्हणून ऑर्गॅनोफॉस्फेट या कीटकनाशकाची, असा उलटा तर्क लावू नये. उतारा संशयावरही देतात, आणि तो द्यायलाच हवा. पण "नॅलोक्झोन दिल्यावर दोन मिनिटांत श्वास सुधारला, डोळे उघडले" असं लिहून डॉक्टरने निदान नोंदवलं असेल, तर फाइल भक्कम होते.

फवारणी करताना झालेली विषबाधा कुठे जाते?

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेतकरी आणि शेतमजूर मोठ्या संख्येने आजारी पडले, वीसहून अधिक दगावले, शासनाला विशेष तपास पथक नेमावं लागलं. पीक डोक्याएवढं वाढलेलं, अंगावर संरक्षक कपडे नाहीत, आणि पंपात एकापेक्षा जास्त कीटकनाशकं मिसळलेली.

कोडिंगच्या दृष्टीने यात दोन सापळे आहेत. पहिला रसायनाचा. ऑर्गॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट टी६०.० मध्ये, इतर कीटकनाशकं टी६०.२ मध्ये, तणनाशकं आणि बुरशीनाशकं टी६०.३ मध्ये, उंदीर मारायचं औषध टी६०.४ मध्ये. "ओपी (ऑर्गॅनोफॉस्फेट) पॉयझनिंग" हा शब्द आपल्या वॉर्डांत कुठल्याही फवारणीच्या औषधासाठी सर्रास वापरतात, आणि तो तसाच कोडात उतरतो. डब्याचं लेबल, किमान डब्याचा मोबाइलवरचा फोटो, आणि कोलिनएस्टरेजची (ऑर्गॅनोफॉस्फेटने मंदावणाऱ्या एन्झाइमची) रक्ततपासणी, यांशिवाय टी६०.० वर शिक्का मारू नये. मिश्रण असेल तर कळलेल्या प्रत्येक घटकाची नोंद हवी.

दुसरा सापळा हेतूचा, आणि तो घराला महागात पडतो. शेतात फवारताना झालं तर एक्स४८.७, स्वतःहून प्यायलं तर एक्स६८. टी६० चा कोड मात्र तोच. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत कीटकनाशक हाताळताना झालेल्या विषबाधेला मदत मिळते, मृत्यू झाल्यास २ लाख रुपये. आत्महत्या तिच्यात बसत नाही. केसपेपरावर "पॉयझन कन्झम्प्शन" असे दोनच शब्द असले, आणि माणूस खरं तर पाठीवर पंप घेऊन कोसळला असला, तर त्याच्या बायकोला तालुक्याच्या कार्यालयात ते दोन शब्द खोटे ठरवत फिरावं लागतं. कपडे भिजलेले होते का, अंगाला वास होता का, तोंडात फोड होते का, किती वेळ फवारत होता: चार प्रश्न, दोन मिनिटं.

औषधातच भेसळ असेल तर? रुग्णाने तर सांगितल्याप्रमाणेच घेतलं.

तरी तो दुष्परिणाम नाही, कारण दिलं गेलं ते मुळात योग्य औषधच नव्हतं. विषबाधाच लावायची, आणि भेसळीचा पदार्थ कळला असेल तर त्याच्या कोडसह. डायएथिलिन ग्लायकॉल हे विषारी औद्योगिक द्रावक असेल तर टी५२.३.

मुंबईकरांना याची आठवण जुनी आहे. १९८६ मध्ये जे. जे. रुग्णालयात उपचार म्हणून ग्लिसरॉल दिलेल्या १४ रुग्णांचा मृत्यू झाला. त्यात हेच डायएथिलिन ग्लायकॉल होतं, आणि न्यायमूर्ती लेंटिन आयोग नेमला गेला. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याच्या सिरपमुळे वीसहून अधिक मुलं गेली. त्यांतल्या अनेकांवर नागपुरात उपचार झाले होते. दोन्ही वेळा मूत्रपिंडं निकामी झाली. अशा मुलांची फाइल नुसत्या एन१७ वर, म्हणजे "तीव्र मूत्रपिंड विकार" एवढ्यावर बंद झाली, तर एकाच भागातून आलेली पाच मुलं कुणाला एकत्र दिसणारच नाहीत. म्हणून कारण न कळलेल्या मूत्रपिंड विकारात, विशेषतः लहान मुलांच्या, आधीच्या पंधरा दिवसांत घेतलेल्या प्रत्येक औषधाचं नाव आणि बॅच नंबर केसपेपरात हवा. एमआरडीत बसलेला माणूस साथ ओळखू शकतो, पण कागदावर काहीतरी असेल तरच.

विषारी दारू?

मिथेनॉल टी५१.१, अपघाताने घेतल्यास एक्स४५. मालाडच्या मालवणीत २०१५ मध्ये शंभरहून अधिक बळी गेले, ते याच गटातले. साधी दारू जास्त झाली तर टी५१.०. "अल्कोहोल इंटॉक्सिकेशन" म्हणजे यांतलं काय, ते डॉक्टरला विचारा.

एकाच वेळी चार औषधं घेतली असतील तर?

प्रत्येकाचा वेगळा कोड. "मल्टिपल ड्रग ओव्हरडोस" हे शब्द नावं माहीत नसतील तेव्हासाठी. नावं माहीत असताना ते लिहिणं म्हणजे निव्वळ आळस.

व्यसनी रुग्णाचा ओव्हरडोस एफ कोडात टाकायचा की टी कोडात?

ओव्हरडोस टी कोडात, व्यसन एफ कोडात, दोन्ही लावायचे. हेरॉइन टी४०.१, अवलंबित्व एफ११.२. व्यसनी आहे म्हणून हेतू आपोआप अपघात ठरत नाही आणि आत्मघातही ठरत नाही. नेहमीचाच माणूस म्हणून इतिहास न विचारणं हा वॉर्डातला जुना आजार आहे.

पैसे नाहीत म्हणून रुग्णाने गोळ्या बंद केल्या आणि फिट आली. याला कोड आहे?

अमेरिकन पद्धतीत आहे: सहाव्या जागी ६. फेनिटॉइन थांबवलं असेल तर आधी अपस्माराचा कोड, मग टी४२.०एक्स६ए, आणि पैशांअभावी जाणूनबुजून कमी घेतल्याचा झेड९१.१२०. कमी औषधाचा कोड पहिल्या जागी कधीच येत नाही. आपल्या आयसीडी-१० मध्ये असा वेगळा कप्पा नाही, झेड९१.१ वर भागवावं लागतं. ही मला मोठी उणीव वाटते, कारण महिनाअखेरीस गोळ्या अर्ध्या करणारी माणसं आपल्याकडे कमी नाहीत.

विषबाधेने मृत्यू झाला तर कागदपत्रं कशी चालतात?

मृत्यूच्या कारणाच्या प्रमाणपत्राचे दोन नमुने आहेत: हॉस्पिटलातल्या मृत्यूसाठी नमुना ४, घरी झालेल्या मृत्यूसाठी ४ए. पहिल्या भागात थेट कारणापासून मूळ कारणापर्यंत साखळी: वर श्वसन निकामी होणं, खाली ज्याने ते झालं ती विषबाधा. "कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट" हे मृत्यूचं वर्णन झालं, कारण नव्हे. त्यानंतर मृत्यूचा प्रकार: नैसर्गिक, अपघात, आत्महत्या, खून किंवा तपास प्रलंबित. आकडेवारीसाठी मूळ कारण म्हणून मोजला जातो तो एक्स किंवा वाय कोड. टी कोड सोबत राहून कुठल्या पदार्थाने ते सांगतो.

एमएलसीत शवविच्छेदन होतं आणि अहवालावर बहुतेकदा "ओपिनियन रिझर्व्ड, व्हिसेरा सीएला पाठवला" असं येतं. व्हिसेरा म्हणजे तपासणीसाठी काढून ठेवलेले अवयवांचे भाग. सीएचा रिपोर्ट, म्हणजे न्यायवैद्यक प्रयोगशाळेचा रासायनिक विश्लेषण अहवाल, यायला महिने लागतात. तो पोलिसांकडे जातो, शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरकडे जातो, अंतिम मत होतं. आणि हॉस्पिटलच्या रजिस्टरमध्ये मात्र तेच जुनं "प्रलंबित" राहतं. प्रलंबित केसची वेगळी वही ठेवून दर महिन्याला पाठपुरावा करणारी एमआरडी फार थोडी आहेत. सीए रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी विषबाधा नव्हतीच असं होत नाही. उपचारात विष निघून गेलेलं असतं, काही पदार्थ टिकत नाहीत. म्हणून दाखल होतानाची लक्षणं नीट नोंदवलेली असणं शेवटी कामाला येतं.

नुसत्या नावाने किती फरक पडतो याचं उदाहरण अमेरिकेचं. २०२२ मध्ये तिथे औषधांच्या ओव्हरडोसने १,०७,९४१ मृत्यू नोंदले गेले. त्यांत सुमारे ७४ हजार मृत्यूंत फेन्टॅनिलसारखी कृत्रिम अफूजन्य औषधं होती, हे टी४०.४ वरून कळलं. त्याआधीच्या दशकात मात्र पाचव्या ते चौथ्या हिश्शाच्या प्रमाणपत्रांवर कुठलं औषध हे लिहिलेलंच नसायचं, त्यामुळे अफूजन्य औषधांचे बळी खऱ्याहून कमी दिसत राहिले.

डॉक्टरला क्वेरी, म्हणजे लेखी विचारणा, कशी पाठवायची?

उत्तर सुचवायचं नाही. "ही आत्महत्याच धरू ना?" असं विचारलं की डॉक्टर घाईत हो म्हणतो आणि ऑडिटर क्वेरी बाद करतो. फाइलीतल्या नोंदी जशाच्या तशा मांडा: तारीख, वेळ, कोण काय म्हणालं. मग विचारा, "या नोंदींवरून विषबाधेचा हेतू स्पष्ट कराल का?" पर्याय द्यायचे तर सगळे द्या: अपघात, हेतुपुरस्सर, दुसऱ्याने केलेलं, ठरवता येत नाही, इतर. सिनियर डॉक्टरला विचारायला संकोच वाटतो, हे खरं आहे. लेखी क्वेरीचा फॉर्म असला की तो संकोच निम्मा होतो.

जुन्या विषबाधेचे परिणाम घेऊन रुग्ण आला तर?

आताचा त्रास आधी, मग टी९६, आणि पदार्थ औषध नसेल तर टी९७. अमेरिकन चार्टमध्ये सातव्या जागी एस. पूर्वी स्वतःला इजा केल्याचा इतिहास असेल तर आपल्याकडे झेड९१.५ विसरू नका. पुढच्या वेळी कॅज्युअल्टीत बसलेल्या डॉक्टरला तो एक कोड बरंच सांगून जातो.

दुष्परिणाम कोड केला म्हणजे एडीआर (औषधाचा दुष्परिणाम) कळवल्यासारखं झालं का?

नाही. ते काम वेगळं. औषधाचा संशयित दुष्परिणाम भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाच्या फॉर्मवर कळवायचा. कोड लावल्याने तो फॉर्म भरला जात नाही.

चुकीची नोंद दुरुस्त कशी करायची, आणि कागद किती वर्षं ठेवायचे?

एक आडवी रेघ, खाली सही, तारीख, वेळ, आणि दुरुस्त नोंद नव्याने. व्हाइटनर लावलेला केसपेपर कोर्टात डॉक्टरच्या अंगाशी येतो. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं ठेवायच्या, आणि रुग्णाने मागितल्यास ७२ तासांत द्यायच्या. एमएलसीचे कागद मात्र प्रकरण निकाली निघेपर्यंत हात न लावता ठेवा. पोलिसांनी मूळ फाइल मागितली तर लेखी पत्र घ्या, पोच घ्या, झेरॉक्स ठेवा.

आयसीडी-११ आल्यावर हे सगळं बदलणार का?

१ जानेवारी २०२२ पासून ती जागतिक पातळीवर लागू झाली आहे. तिच्यात औषधांच्या अपायाचा मुख्य कोड एनई६०. पदार्थाचं नाव एक्सएम ने सुरू होणाऱ्या जोडकोडाने आणि हेतू वेगळ्या कोडाने, असे तुकडे एकत्र जोडायचे. पदार्थांची यादी खूपच बारीक झाली आहे. म्हणजे आज "सम टॅब्लेट्स" लिहिलेल्या फाइलीत एक कप्पा रिकामा राहतो, तिथे उद्या तीन राहतील.